जावयाच्या आंघोळीवरची बाग

या सगळ्या उपद्व्यापात सर्जेराव ढमढेऱ्यांना मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. एक शाल मिळणार होती, आणि मे महिन्यात शिरूरसारख्या गावात शालीची घडीसुद्धा कुणी मोडत नाही. एक नारळ मिळणार होता, तो देवापुढं फुटून चटणीला जाणार हे ठरलेलं. एक सत्कार होणार होता, त्यात सत्कार कमी आणि सत्कार करणाऱ्यांची भाषणं जास्त. एवढ्यावर शहाण्या माणसानं खुर्चीतून उठू नये. पण चौथी गोष्ट होती पाटी. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कॉलनी जलमित्र', खाली विजेत्याचं नाव आणि त्याच्याही खाली 'पाणी बचतीच्या सल्ल्यासाठी भेटा'. ही पाटी विजेत्याच्या फाटकाशेजारी लागणार होती.

सर्जेराव अडकले ते त्या पाटीत. त्यातही 'भेटा' या शब्दात.

त्याचं कारण असं, की सर्जेराव कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना सकाळी दात घासत बाहेर यावं तर ओट्यावर पार न्हावऱ्यापासूनची माणसं बसलेली असायची. कुणाला पाण्याची पाळी लवकर हवी, कुणाचं पाणी वरच्यानं रातोरात वळवलेलं, कुणाच्या उसानं माना टाकलेल्या. साहेबांची चूळ भरून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. निवृत्तीचा हार गळ्यात घालून ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर बघतात तर ओट्यावर मांजर. तेही त्यांना बघून उठून गेलं.

तर घोडकाठ कॉलनीच्या रहिवासी महासंघानं 'कमी पाण्यातली बाग' अशी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा पहिला अर्ज सर्जेरावांचा होता. घोड नदी कॉलनीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण यंदा नदीत पाणी सोडून बाकी सगळं होतं. नळ तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही आधी बराच वेळ नुसता खाकरायचा. अशा दिवसांत महासंघानं नियम केला तो असा: झाडांना नळाचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट घालायचं नाही. घालायचं ते फक्त एकदा वापरलेलं पाणी. आणि ते वापरल्याचा फोटो काढून ठेवायचा.

बाग म्हणजे काय, तर घराच्या पुढं फरशी घालून उरलेली जागा. त्यात एक लिंबाचं झाड, दोन मोगरे, कण्हेर, कढीपत्ता आणि नाव कुणालाच ठाऊक नसलेली एक शोभेची वेल. उन्हानं सगळ्यांची तोंडं उतरलेली. लिंबाची पानं तर अशी वळलेली, की झाडानं हात जोडलेत असं वाटावं.

"एकदा वापरलेलं पाणी म्हणजे आपल्याला अवघड नाही," सर्जेराव बायकोला म्हणाले. "भांड्यांचं, कपड्यांचं, आंघोळीचं. सगळं वळवायचं बागेत. आयुष्यभर तेच केलं मी."

अडचण दुसऱ्याच दिवशी कळली. पुतळाबाई दुष्काळी माहेरच्या. त्या भांडी राखेनं घासायच्या, चिंधीनं पुसायच्या आणि शेवटी सगळी एकाच पातेल्यातल्या पाण्यातून फिरवून काढायच्या. कपडे दोन माणसांचे. नवरा निवृत्त, म्हणजे मळायचं काही कारण नाही. दिवसभराचं वापरलेलं पाणी जमवलं, तर ते अर्ध्या बादलीला पोचेना.

"तू भांडी जरा मोकळ्या हातानं का घासत नाहीस?" सर्जेरावांनी विचारलं.

पुतळाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पाणी वाचवायच्या स्पर्धेत पाणी जास्ती सांडू म्हणता?"

"सांडू नको. वापर म्हणतोय."

"आन् फोटू कवा काढायचा? घासताना? माझ्या भावकीत तो फोटू गेला तर म्हणतील, हिच्या घरी एवढी खरकटी कुणाची?"

नळाखाली खरकट्या भांड्यांचा फोटो चालेल का, हे विचारायला सर्जेराव महासंघाच्या कचेरीत गेले. ही कचेरी मिठाईच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथले सचिव म्हणजे नियमांचं माहेरघर. सरकारी कचेरीत निदान साहेब जेवायला तरी जातात. हे डबा तिथंच खायचे.

"माणूस दिसल्याशिवाय वापर धरता येत नाही," सचिव म्हणाले.

"बरं, तांदूळ धुतलेलं पाणी?"

"चालेल."

"भाताचं वेळलेलं?"

"ते अन्नात मोडतं. नाही चालणार."

"पाहुण्यानं अर्धा पेला पिऊन ठेवलेलं पाणी?"

सचिवांनी डबा बाजूला सारला आणि नियमांचा कागद पुढं ओढला. "ते अर्धंच वापरलेलं झालं. त्याला समितीची मंजुरी लागेल. अध्यक्ष अनिता मॅडमना विचारावं लागेल."

अनिता मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना काही विचारायला कॉलनीतले आजोबासुद्धा शर्टाची वरची बटणं लावून जातात. सर्जेरावांनी अर्ध्या पेल्यावरचा हक्क तिथंच सोडून दिला.

घरी येताना शेजारचे पोपटराव ओट्यावर भेटले. मार्केट यार्डात उभी हयात कांद्याची पोती तोलण्यात गेलेली, त्यामुळं माणूस दिसला की आधी डोळ्यांनी तोलायचा, मग बोलायचं. त्यांच्या मंडळी धुरपदाबाई मागंपुढं थोडी भाजी लावायच्या. धुरपदाबाईंनीही स्पर्धेचा अर्ज भरला होता, पण तो महासंघाच्या माणसानं दारात येऊन आग्रह केला म्हणून.

"साहेब, मडकं पुरा," पोपटराव म्हणाले. "बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यात सुताची वात घालायची आन् मडकं लिंबाच्या बुडाशी मातीत पुरायचं. थेंब थेंब पाणी मुळाला. जे काय अर्धी बादली साचतंय, त्यात झाड तरतरीत."

सल्ला वाईट नव्हता. वाईट होता तो सर्जेरावांचा उत्साह. ते उन्हातच कुंभाराकडं गेले. मडकं घेतलं, तिथल्या तिथं खिळ्यानं भोक पाडून घेतलं, आणि थेंब बरोबर पडतो का हे बघायला कुंभाराच्याच डेऱ्यातलं पाणी त्यात अर्धं भरलं. थेंब झकास पडत होता. पोटाशी धरून निघाले तर पायजमा भिजायला लागला, म्हणून मडकं खांद्यावर घेतलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून डोक्यावर पांढरा पंचा टाकला.

आता बघा. भर दुपारी, पांढऱ्या कपड्यातला माणूस, डोक्यावर पंचा, खांद्यावर भोक पाडलेलं मडकं आणि मागं पाण्याची धार. आपल्याकडं माणूस असा आयुष्यात कधी चालतो, आणि कुणाभोवती फेऱ्या घालतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. ते एकट्या सर्जेरावांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष थेंबाकडं.

कॉलनीच्या तोंडाशी पानवाल्यानं रेडिओ बंद केला. पुढं दोघंजण गाडीवरून उतरून चालायला लागले. धुरपदाबाईंनी मिक्सर थांबवला. पोपटराव ओट्यावरून उठले आणि टोपी काढून हातात घेतली. कुणी काही विचारलं नाही, असल्या वेळी विचारायचं नसतं. नुसते मागं मागं चालत राहिले. सर्जेरावांना वाटलं, लोकांना मडकं बघायचंय. बऱ्याच दिवसांनी आपल्यामागं माणसं चालताहेत हे बघून त्यांना बरंही वाटलं, आणि त्यांनी पावलं जरा सावकाश टाकली. त्यानं तर जास्तच घोटाळा झाला.

दारात पुतळाबाईंनी नवऱ्याचा हा अवतार आणि मागची माणसं बघितली आणि अशी किंकाळी फोडली, की चौकातला रिक्षावाला धावत आला. एकुलती एक लेक नीलम भांडगावला दिलेली. पुतळाबाईंना काय काय दिसलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. सर्जेराव "अगं, ठिबक! ठिबक आहे हे!" असं ओरडताहेत तोवर बायकोनं मडकं हिसकावलं आणि उंबऱ्याबाहेर दाणकन आपटलं. लिंबाला जे महिनाभर थेंबाथेंबानं मिळायचं होतं, ते फरशीला एका दमात मिळालं.

तोवर कुणीतरी भांडगावला फोन केला होता. पाठोपाठ नीलमचा रडत फोन. सर्जेरावांनी स्वतःच्या आवाजात स्वतःची खुशाली सांगितली, तरी तिला खात्री पटायला वेळ लागला. शेवटी जावई विश्वजीतरावांनी फोन घेतला.

"मामा, सगळं बरं हाय ना?"

"अगदी बरं. मडकं फुटलं फक्त."

"फुटू द्या की. आन् मामा, अधिक महिना लागलाय. आई म्हणत होती, ढमढेऱ्यांचा निरोप आला न्हाई अजून."

धोंड्याचा महिना! दर तीन वर्षांनी येतो, जावयाला बोलावून तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, धोंडे करून जेवू घालायचं आणि वाण द्यायचं. बागेच्या नादात सर्जेराव हे साफ विसरले होते. ते ओशाळून "येत्या रविवारी या" म्हणाले आणि फोन ठेवून, रविवारीच समिती बाग बघायला येणार आहे हे आठवून कपाळाला हात लावून बसले.

पोपटरावांनी ते तोलून घेतलं. "साहेब, एक विचारू? जावई अंगानं केवढा हाय?"

"तुम्ही लग्नात बघितलाय की. कुस्त्या करायचे. दारातनं जरा तिरकेच येतात."

"त्याला आंघोळीला पाणी किती लागत आसंल?"

"दोन बादल्या तरी."

"आन् तेल-उटणं लावल्यावर?"

"चार..." असं म्हणता म्हणता सर्जेराव उभे राहिले.

"धाकटा भाऊ येणार, इवाई येणार. समदे मानाचे. समद्यांना न्हाऊ घालायलाच लागतंय," पोपटराव शांतपणे म्हणाले. "साहेब, ही तुमची पाळी आलीय. दारं धरा, पाणी वळवा. चौरंग तेवढा त्या भिंतीच्या अंगाला मांडा, म्हंजी रस्त्यावरनं दिसायचं न्हाई."

अडचण एकच होती. जावयानं वापरायला आधी पाणी तर हवं, आणि जमिनीखालची टाकी कोरडी. सर्जेराव पुन्हा माडी चढले.

"टँकर झाडाला घालता येत नाही," सचिवांनी नियम वाचून दाखवला. "टँकर माणसाला घालता येतो. आणि माणसाचं पाणी झाडाला घालता येतं. माणूस मधे पाहिजे, एवढंच."

म्हणजे अर्धी बादली पाणी पुरत नाही म्हणून सर्जेरावांनी आख्खा टँकर मागवला. हा हिशेब पुतळाबाईंनी बोलून दाखवला, पण सर्जेराव आकड्यांचे माणूस असल्यामुळं त्यांना तो पटला नाही.

रविवारी सकाळी भांडगावहून एक जीप आणि एक पिकअप आली. जीपमधनं विश्वजीतराव, त्यांचा धाकटा भाऊ सत्यजीत, नीलम आणि व्याही सोपानराव उतरले. पिकअपमधनं जे उतरले त्यांची नाती नीलमलाही नीट सांगता येईनात. दुधाचा कॅन, कांद्याचं पोतं आणि धुण्याची गाठोडीही उतरली. गाठोड्यांकडं सर्जेरावांनी मोठ्या मायेनं बघितलं.

"रामराम पाव्हणं!" सोपानराव ओट्यावर टेकले. "कालव्याला पाणी न्हाई, बोअरला पाणी न्हाई. तुमचं खातं काय पाणी सोडंना. म्हणलं, कालवा आपल्याकडं येत न्हाई तर आपणच निरीक्षकाच्या दारात जाऊ."

सगळे हसले. सर्जेरावही हसले, पण त्यांना ते लागलं. निवृत्त माणसाला खात्याची थट्टा स्वतःच्या घरावर आल्यासारखी वाटते.

भिंतीच्या अंगाला चौरंग मांडला, भोवती पुतळाबाईंच्या दोन जुन्या साड्या बांधून आडोसा केला. लिंबाच्या बुडाशी खोऱ्यानं आळं करून ठेवलेलं. तांब्याच्या घंगाळात पाणी, शेजारी भरलेल्या चार बादल्या. सत्यजीतनं थोरल्या भावाला तेल चोळलं, उटणं लावलं. पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारखे विश्वजीतराव चमकायला लागले. सर्जेराव हातात मोबाइल धरून साडीच्या फटीशी उभे, नियमाप्रमाणं माणूस दिसायला हवा म्हणून.

"मामा, फोटू?" जावई दचकले.

"आठवण म्हणून," सर्जेराव म्हणाले.

विश्वजीतरावांनी डोळे मिटले, "हर हर गंगे" म्हटलं, एक तांब्या डोक्यावर ओतला, ओल्या पंचानं अंग पुसलं आणि उभे राहिले.

"झालं."

"काय झालं?"

"आंघोळ."

सर्जेरावांनी आळ्याकडं बघितलं. तिथं एक थेंब पोचला होता की नव्हता.

"अहो, चार बादल्या भरल्यात!"

"असू द्या, मामा. दोन महिनं झालं, आमच्याकडं गडी एका तांब्यातच उरकतोय. सवय लागलीय. आन् नीलमनं गाडीत समद्यांना सांगितलंय, आप्पा पाणी वाचवायच्या स्पर्धेत हायेत, त्यांच्या दारात कुणी नासाडी करायची न्हाई."

पाठोपाठ सत्यजीत बसला. धाकटा म्हणून त्यानं मान राखला आणि अर्धाच तांब्या घेतला. सोपानरावांना बोलावलं तर ते म्हणाले, "आमी घरनंच करून आलोय. तुमच्यावर भार कशाला?" पिकअपमधल्या माणसांनी तर नुसतेच पाय धुतले, तेही एकमेकांच्या पायांवरून ओघळलेल्या पाण्यात.

असली गुणी माणसं जगात असतात, याचा सर्जेरावांना आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. टाकी काठोकाठ भरलेली, बाग कोरडी आणि समिती चार वाजता येणार. सकाळी पाणी मिळालं तर चारपर्यंत पानं जरा तरी उघडतील. पाटी त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत सरकत दुसऱ्याच्या फाटकाकडं निघाली. त्या घाईत त्यांच्या तोंडून नको ते गेलं.

"विश्वजीतराव, परत एकदा बसता का? मानेवर मळ राहिलाय जरासा."

 कढईतला धोंडा तेवढा चुर्रकन बोलला.

"मळ?" विश्वजीतराव म्हणाले. त्यांनी मानेवरून हात फिरवला, हात बघितला, सासऱ्याकडं बघितलं, सदरा अंगात घातला आणि जाऊन जीपमध्ये बसले. काच वर केली.

नीलम बाहेर आली. "आप्पा! धोंड्याला बोलावून जावयाला मळकट म्हणालात? आमच्याकडं दहा वर्सं सांगतील हे!"

"वाण घेणार न्हाई म्हणतोय," सत्यजीत जीपपाशी जाऊन निरोप घेऊन आला. "जेवणार बी न्हाई. म्हणतोय, मळकी माणसं ताटाला बसवू नका."

पुतळाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी तो नवऱ्यावर रोखला. मग सोपानरावांनी व्याह्यांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा. पोरगं काय चुकलं?"

सर्जेरावांची मान खाली गेली. माणसाला पाटी हवी असते हे सांगणं फार अवघड. ते जीपपाशी गेले आणि काचेला तोंड लावून बोलले. काच बंद असल्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं आणि कॉलनीनं सगळं ऐकलं.

"विश्वजीतराव, मळ नाही हो! मला तुमचं पाणी पाहिजे. तुम्ही वापरल्याशिवाय मला ते झाडांना घालता येत नाही. माझ्याकडं आता कुणी काही विचारायला येत नाही. ती पाटी लागली तर चार माणसं येतील, एवढंच."

काच अर्धी खाली आली. "म्हंजी मला लिंबाला पाणी घालायला बोलावलंय?"

"तसंच म्हणा."

विश्वजीतरावांनी काच पूर्ण खाली घेतली. मग जीप हलायला लागली, इतके हसले. "आवं मग आधी सांगायचं की, मामा! इथं दोन महिनं अंगाला नीट पाणी न्हाई, आन् मी लाजून तांब्यात उरकतोय!"

त्यांनी सदरा काढून जीपच्या बॉनेटवर फेकला आणि भांडगावला हाक दिली. "चला रे! मामांची पाळी सुटलीय!"

पुढं जे झालं त्याला आंघोळ म्हणणं कमीपणाचं आहे. दोन महिन्यांचा अनुशेष होता तो. सत्यजीतनं मोटार सुरू करून पाइप हातात घेतला. पिकअपमधली मंडळी रांगेनं चौरंगावर येत होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. घरनं आंघोळ करून आलेले सोपानराव दोनदा बसले. नीलमनं आणि बायकांनी आतल्या बाजूला गाठोडी सोडली. शेजारून पोपटराव टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि "मी परका हाय का?" म्हणत रांगेत उभे राहिले. उटणं, साबण, शिकेकाई, तेल सगळं फेसाळत फरशीवरून निघालं.

आणि सर्जेराव? बनियन, वर खोचलेला पायजमा आणि हातात खोरं. "हिकडं सोडा! ए, ते वळवा! बांध फुटतोय, माती टाका!" बऱ्याच वर्षांनी त्यांचा तो कालव्यावरचा आवाज लागला होता. मधेच खोरं टाकून ते एकेकाचा फोटो काढत होते. पाणी आळ्यात यायचं, वळसा घ्यायचं आणि कुठंतरी नाहीसं व्हायचं. ते म्हणायचे, भुई तहानलेली आहे, पिऊ दे. थोडं पाणी फाटकाखालून रस्त्यावरही गेलं. त्याकडं लक्ष द्यायला त्यांना फुरसत नव्हती.

लक्ष गेलं ते फाटकात उभ्या असलेल्या चपलांमुळं. चपला फेसात बुडाल्या होत्या. वर बघितलं तर अनिता मॅडम. दुपारचं ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून समिती अकरालाच निघाली होती.

मॅडमनी टँकरच्या चाकांच्या खुणा बघितल्या, रांग बघितली, पाइप बघितला आणि शेवटी खोरं घेतलेले सर्जेराव बघितले. "ढमढेरे, कमी पाण्यातली बाग ती हीच का?"

"मॅडम, सगळं एकदा वापरलेलं आहे," सर्जेराव म्हणाले. "फोटो आहेत."

"रस्त्यावर वाहिलेलं पाणी कशात मोडतं, सचिव?"

"दंडात, मॅडम."

मॅडमनी लिंबाचं एक पान धरलं. बोटं तेलकट झाली. मोगऱ्यावर उटणं चढल्यामुळं तो हळदीच्या नवऱ्यासारखा दिसत होता. एवढं पाणी वाहून लिंबाच्या बुडाशी बोट घातलं तर माती आतून कोरडी.

"मग पाणी गेलं कुठं?" मॅडमनी विचारलं, आणि सहज भिंतीपलीकडं नजर टाकली. "आणि हे काय?"

भिंतीपलीकडं धुरपदाबाईंची वांगी होती. काळीभोर, तुकतुकीत, एकेक झाड कमरेएवढं. पलीकडं गवार, वर मांडवावर दोडका. आख्खी कॉलनी करपलेली असताना त्या तुकड्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा.

"धुरपदाबाई, पाणी कोणतं घालता?"

धुरपदाबाई पदर सावरत पुढं आल्या. "आमी कुठं घालतोय, मॅडम? भिंतीखालच्या मोरीतनं आपसूक येतंय. साहेबांकडनं. रोज थोडं थोडं, आन् आज तर पूरच आलाय."

सर्जेराव खोऱ्यासकट भिंतीपाशी गेले आणि खाली वाकले. फरशीचा उतार लिंबाकडून भिंतीकडं होता. उघड उघड होता. ज्या माणसानं नुसत्या डोळ्यानं मैलभर कालव्याचा उतार सांगावा, त्यानं स्वतःच्या अंगणाचा उतार घर बांधल्यापासून बघितला नव्हता. भांड्यांचं, कपड्यांचं, मडक्याचं, जे जे पाणी त्यांनी बागेला म्हणून सोडलं, ते बागेला नुसता रामराम करून शेजारी गेलं होतं. पोपटराव टॉवेल पिळत होते. फार मन लावून पिळत होते. चौरंग भिंतीच्या अंगाला मांडायचा सल्ला कुणी दिला होता, हे सर्जेरावांना संध्याकाळी आठवलं.

सचिवांनी नियम काढला. पाणी एकदा वापरलेलं: होय. थेट नळाचं, बोअरचं, टँकरचं नाही: होय. वापराचे फोटो: ते सर्जेरावांच्या मोबाइलमध्ये भरपूर होते. आता मोबाइल शेजारच्याचा असला तरी चालतो का, यावर दोन मिनिटं खल झाला आणि मॅडमनी मान हलवली. सर्जेरावांना ते फोटो महासंघाच्या नंबरवर पाठवावे लागले, एकेक करून. विश्वजीतरावांच्या तेल लावलेल्या पाठीसाठी धुरपदाबाईंना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पाहुण्यांनी मात्र पोटभर हसून पोटभर जेवून घेतलं. विश्वजीतरावांनी वाण घेतलं, सासूच्या पाया पडले आणि सासऱ्याला म्हणाले, "मामा, मान बघा, निघाला का मळ?" सर्जेरावांनाही मग हसावंच लागलं.

पाटी आठवडाभरात आली. ती येण्याआधीच लोक विचारायला यायला लागले, धुरपदाबाईंकडं. त्या म्हणायच्या, "मी काय सांगणार, बाबा? उतार, आळं, पाळी असलं समदं साहेबांना कळतंय. तिकडं जावा." आणि लोक जायचे. दारात आलेल्याला सर्जेराव पहिला प्रश्न विचारतात, "अंगणाचा उतार कुठं आहे?" आणि त्याला बघता येत नाही म्हटल्यावर स्वतः जाऊन बघून येतात. या कामात आता त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एका माणसाच्या फजितीतून अख्ख्या कॉलनीचे उतार सरळ झाले.

आता कुणाला काय पडलं ते. टँकर सर्जेरावांच्या अंगावर पडला. दंड त्यांना भरू दिला नाही. सोपानरावांनी जागच्या जागी खिशात हात घातला, म्हणाले, "मळ आमचा, दंड बी आमचाच." पुतळाबाईंना त्या गर्दीचे टॉवेल धुवावे लागले. त्यांनी ते पाणी कुणालाही न विचारता बादलीनं उचलून लिंबाच्या बुडाशी ओतलं, आणि लिंबाला पालवी फुटली ती त्यावर. पोपटरावांनी वाटाभर वांगी आणून दिली, तीही 'तुमच्याच पाण्याची' असं सांगून, म्हणजे उपकार शून्य. राहता राहिली पाटी. ती लावायची म्हणून पोपटराव आले, तेव्हा ड्रिल मशीन सर्जेरावांचं निघालं, स्क्रू सर्जेरावांचे निघाले, शिडी सर्जेरावांची, आणि पलीकडं बाहेर प्लग नसल्यामुळं वीजही सर्जेरावांच्याच मीटरवर पडली. शिडीवर चढले तेही सर्जेरावच. पाटी सरळ बसली का, हे मात्र पोपटरावांनी रस्त्यावर उभं राहून, एक डोळा मिटून, फुकट बघितलं.